दहापैकी दोन

"दोन," सोजरबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी कागदावर दोनचा आकडा लिहिला आणि मग त्यांच्या पायाकडे पाहिलं. खरं तर आधी पाय बघायला हवा होता, पण सकाळपासून इतके आकडे लिहिले होते की हात डोळ्यांच्या पुढे धावत होता. उजवा पाय डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं आखूड झाला होता आणि पाऊल बाहेरच्या अंगाला कलंडलं होतं. खुब्याचं हाड मोडलं की पाय असा पडतो, ते सांगायला एक्स-रे लागत नाही. वीस वर्षं मी असे पाय बघते आहे. असा पाय घेऊन आलेला माणूस दहा म्हणतो, दहाच्या वर काही आहे का विचारतो, मेलेल्या आईला हाका मारतो, डॉक्टरच्या सात पिढ्या काढतो. ही बाई मात्र, जेवता का विचारल्यावर नको म्हणावं, तशी दोन म्हणाली. सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, गेलेल्या बायका घेऊन येणाऱ्या ट्रॉलीतून उतरताना पडल्या, असं त्यांच्या मुलानं, जगदेवनं, सांगितलं होतं. इंझोरीकडचं गाव, तिथून इथवर खड्ड्यांचा रस्ता, आणि ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला की पूर्ण रस्ताभर म्हातारीनं चूं केलं नाही. तो कौतुकानं म्हणाला. मलाही क्षणभर कौतुकच वाटलं, लाज वाटते सांगायला.

हा आकड्यांचा कागद आमच्या कॅज्युअल्टीत गेल्या वर्षी आला. पेशंट आल्या आल्या विचारायचं, शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही, तर तुमचं किती? तीनपर्यंत साधं औषध, सातच्या वर गेलं तर डॉक्टरांच्या सहीनं कुलपातलं इंजेक्शन, आणि अर्ध्या तासानं पुन्हा तोच प्रश्न. ज्यांना आकडे जमत नाहीत त्यांच्यासाठी खाली सहा तोंडं काढली आहेत, पहिलं हसणारं आणि शेवटचं रडणारं. मंगरूळकडच्या एका म्हाताऱ्यानं ती तोंडं बराच वेळ न्याहाळली आणि विचारलं, "हे सारे एकाच घरचे व्हय?" मी तेव्हा हसले. मग घरी भाकरी थापताना आठवलं आणि पुन्हा हसले. सांगायला कुणी नसलं की विनोदाला आपल्यालाच दोनदा हसावं लागतं. माझं लग्न झालं नाही, म्हणजे राहून गेलं. आधी बाबांचं आजारपण, मग भावाचं शिक्षण, मग भावाचं लग्न, आणि मग एक दिवस आमच्या गावात, आसेगावात, कुणी माझ्याबद्दल विचारेनासंच झालं. भाऊ पुण्याला असतो, रविवारी फोन करतो, जेवली काय विचारतो. जेवले म्हणते.

आमच्या भागात दुखणं मोजून सांगायची रीतच नाही. ते ठणकतं, चमकतं, भगभगतं, आतून पोखरतं. आणि कळ येते, पण आमच्या जिभेवर ळ टिकत नाही, त्याचा य होतो. डॉक्टर ऋषिकेश सांगलीकडचे, सत्तावीस वर्षांचे, सरकारी नोकरीचं सक्तीचं वर्ष काढायला वाशिमला आलेले. पहिल्याच आठवड्यात एक बाई त्यांना सांगत होती, "पोटात कय येते." ते म्हणाले, "काय येतं?" ती म्हणाली, "कय." "अहो, तेच विचारतोय की, काय?" "कयच तं सांगून राह्यली ना बाप्पा!" दोघंही एकमेकांना ठार बहिरं समजून ओरडायला लागले तेव्हा मी मध्ये पडले. "सर, कळ. पोटात कळ येते." तेव्हापासून मी त्यांची दुभाषी. गंमत म्हणजे मी स्वतः ही बोली कधीच सोडली आहे. अमरावतीला नर्सिंगला गेले तेव्हा होस्टेलवरच्या मुली हसायच्या, म्हणून घासून घासून ळ शिकले. आता माझ्याशी कुणी वऱ्हाडीत बोललं तरी माझ्या तोंडून पुस्तकी मराठी निघते. माझ्या घरातल्या आरशालाही मी "काय चाललंय" असं विचारते.

"सर, हे दोन नाही," मी डॉक्टरांना म्हटलं. "पाय बघा."

त्यांनी पाहिला. हलकेच घोट्याला हात लावला, तर सोजरबाईंच्या पायाची बोटं आत वळली, चेहरा मात्र हलला नाही. "फ्रॅक्चर आहेच. आज्जी, किती दुखतंय? खरं सांगायचं हं."

"दोन."

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, दुखणं त्यांचं आहे. आकडा त्यांचाच पाहिजे, आपण आपल्या मनानं लावायचा नाही. एवढ्या वयाला जोरदार इंजेक्शन दिलं आणि श्वास मंदावला म्हणजे? पॅरासिटामॉल लावा, एक्स-रे करून आणा, मग बघू." आणि ते पलीकडच्या सर्पदंशाकडे गेले. पोरगा वाईट नाही. नियमही चांगलाच आहे. पूर्वी आम्हीच ठरवायचो, कोणाचं खरं आणि कोणाचं नाटक. पेशंटचा शब्द खरा धरायचा, हे आम्हाला शिकायला फार वर्षं लागली, आणि शिकलो तर ही बाई खोटं बोलायला लागली. एक्स-रेची खोली पटांगणापलीकडे आहे. मध्ये चॅनल गेट आहे आणि त्याचा लोखंडी रूळ जमिनीतून बोटभर वर आला आहे. स्ट्रेचरची चाकं त्या रुळावर आदळतात. मोडलेला खुबा घेऊन तो रूळ ओलांडणं म्हणजे काय, ते मी इकडे बसून नुसत्या आवाजावरून ओळखते. वॉर्डबॉय दुसऱ्या पेशंटला सोडून येईपर्यंत पंधरावीस मिनिटं माझ्या हातात होती. तेवढ्यात या बाईच्या तोंडून खरा आकडा निघायला हवा होता, नाहीतर ती तशीच त्या रुळावरून जाणार होती.

सलाइन लावताना माझ्या लक्षात आलं, पदराचं टोक त्यांच्या दातांत होतं. वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. नाडी मनगटात धावत होती.

"आजी, खूप दुखतंय ना?"

"सांगतलं ना दोन."

"मग घाम कशाचा आलाय?"

त्यांनी डोळे उघडले. पदर तोंडातून न काढताच बोलल्या, त्यामुळे मला वाकावं लागलं. "तुमी रागावता मनून."

"मी कुठे रागावले?"

"आता नाही. तवा. माह्या पोरीच्या, गंगीच्या बायतपनात." आणि मग अगदी साध्या आवाजात, "तुमी मले वयखत नाही. मी तुमाले आल्या आल्या वयखलं. हनवटीवरचा तीय पाहून."

माझा हात आपोआप हनुवटीवरच्या तिळाकडे गेला, जणू तो झाकला की संपलं. कुठली गंगी? मी कुठल्या कुठल्या दवाखान्यात होते ते मनात उलगडायला लागले. पहिली नोकरी एका छोट्या सरकारी दवाखान्यात. गावाचं नाव सांगत नाही, त्या वेळचे ते दवाखाने सगळे सारखेच असत. बाळंतपणाच्या खोलीत दोन टेबलं, एक सिस्टर, दिवसाला चार-पाच बायका, आणि बाहेर चार-पाच सासवा. बाई ओरडायला लागली की दुसरी घाबरायची, तिसरी रडायची, बाहेरून नवरे डोकवायचे. मग ते वाक्य. ते माझं नव्हतं. मोठ्या सिस्टरांनी मला कात्री कशी धरायची, नाळ कुठे बांधायची ते शिकवलं, त्याच आठवड्यात ते वाक्यही शिकवलं, म्हणजे शिकवलं असं नाही, मी ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे कान तापले होते. सहा महिन्यांत ते माझ्याच तोंडात बसलं. नवऱ्यापाशी जातानी नाही ओरडली, आता काहून ओरडून राह्यली? वऱ्हाडीतच म्हणायचे मी ते. बाकी सगळं सोडलं, पण बाईला गप्प करायला माझी बोली मी जपून ठेवली होती, हे मला त्या क्षणी, सलाइनचे थेंब मोजता मोजता कळलं. आणि त्या वाक्याचा गुण यायचा, हेच वाईट. बाई चटकन गप्प व्हायची. आम्हाला वाटायचं, आवरलं हिनं स्वतःला.

मी गंगूचा चेहरा आठवायचा खूप प्रयत्न केला. आठवली ती टेबलावरची लाल रबरी शीट, खिडकीच्या जाळीत अडकलेलं कबुतराचं पीस, माझ्या तेव्हाच्या चपला, अंगठ्याशी झिजलेल्या. टेबलाला घट्ट धरलेले हात आठवले, हिरव्या बांगड्यांचे, पण हिरव्या बांगड्या सगळ्यांच्याच असतात. इतक्या बायकांना मी ते म्हटलं की त्यातली एकही मला आठवत नाही. त्यांना मी आठवते. हा हिशोब बरोबरच आहे म्हणा, ज्याचं जयते त्याले कयते.

"गंगू कशी आहे आता?" मी विचारलं. माझा आवाज ड्यूटीवरचाच होता, त्यात काही फरक पडला नव्हता.

"चांगली हाय. पुन्याकडं हाय, कंपनीत. पोरगं आठवीत गेलं." त्या थांबल्या. एक कळ त्यांच्या अंगातून गेली, ती मी पाहिली, खुब्यापासून मानेच्या शिरेपर्यंत. ती जाऊ दिली आणि मग म्हणाल्या, "पन तवापासून थे ओरडत नाही."

"म्हणजे?"

"ओरडतच नाही. पाय भाजला, नाही ओरडली. बाप मेला, मुक्यानं रडली. नवरा मारते, तरी बी नाही. शेजारच्या बाया मनतात, गंगे, ओरडत जाय वं, आमी येऊ ना धावून. थे मनते, मले येतच नाही." सोजरबाई छताकडे बघत सांगत होत्या, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं. "मी दाराशीच उभी होती त्या रोजी. तुमचं आयकलं. मले बी वाटलं, बरं झालं, चूप बसली, लोकाईत शोभा नाही झाली. मीनंच मंतलं तिले मंग, पाह्य, किती शायनी हाय माह्यी पोरगी."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, असं आम्ही सगळेच वर्षानुवर्षं किती सहज म्हणतो. तोंड दाबणारा हात कोणाचा, ते त्या म्हणीत कुठे असतं? मी स्टुलावर बसले. ड्यूटीवर मी कधी बसत नाही. मला एकदम गेल्या दिवाळीनंतरची ती दुपार आठवली, मुतखड्याची. मी सुट्टीवर होते, खोलीत एकटी, खाली घरमालकीण पापड वाळत घालत होती. कंबरेतून कळ आली आणि मी फरशीवर आडवी झाले, गार फरशीला गाल लावून, आणि उशी तोंडात घेतली. का घेतली? कुणी झोपलेलं नव्हतं. लहान मूल नव्हतं घरात. मी एक हाक मारली असती तर घरमालकीण पापड टाकून वर आली असती, बाई चांगली आहे. तास दीड तास मी उशी चावत पडून होते आणि माझ्याच मनात माझाच आवाज चालला होता, काहून ओरडून राह्यली. शेवटी भिंत धरत उतरले, रिक्षा केली. खासगी दवाखान्यातल्या मुलीनं विचारलं, दहापैकी किती? मी म्हणाले, चार. सिस्टरनं काय दहा म्हणायचं? तिनं चार लिहिले. पाऊण तास मी बाकावर बसून होते, भिंतीवरचं कॅलेंडर वाचत. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं होतं, आणि मी समजत होते की ते शेजारी कुणी नव्हतं म्हणून. शेजारी मुलगी बसलेली होती, पेन घेऊन, विचारत होती. मीच तिला आत येऊ दिलं नाही.

पटांगणातून वॉर्डबॉयची चाकं वाजायला लागली. मी उठले आणि सोजरबाईंच्या दातांतून पदर सोडवायला लागले. त्यांनी सोडला नाही. ओला झाला होता तो.

"माय, हे काढा तोंडातलं," मी म्हटलं. "अन् ओरडा."

मी कुठल्या बोलीत बोलले ते मला ऐकू आल्यावरच कळलं. त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"लोकं हासतीन."

"हासू द्या."

"अन् तुमी?"

"मी नाही रागावत. तवा चुकलं माह्यं. लय चुकलं."

त्यावर त्या काहीतरी म्हणतील असं मला वाटलं. जाऊ दे बाई, झालं गेलं, असं आपली माणसं म्हणतातच. सोजरबाई तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी ते ऐकलं, कुठेतरी ठेवून दिलं आणि छताकडे नजर वळवली. मग पदर सोडला. आधी नुसताच श्वास आला, फाटल्यासारखा, मग त्याला आवाज फुटला, आणि तो वाढतच गेला. "माय वंऽऽ, मेली वं माय मीऽऽ!" सगळ्या कॅज्युअल्टीनं माना वळवल्या. सर्पदंशवाल्याची बायको रडायची थांबून बघायला लागली. दारातला गार्ड सवयीनं आत आला, "ए आजी, हळू, हळू, दवाखाना हाय हा!" मी त्याला म्हटलं, "तू बाहेर हो." एवढ्या जोरात म्हटलं की तो खरंच बाहेर झाला. डॉक्टर धावत आले.

"आज्जी, किती?"

"दहा," त्या म्हणाल्या, रडत रडत. "दहाच्या वरतं काही असन तं थे ल्ह्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. मी कुलूप काढलं, अर्धा डोस हळूहळू दिला, बोटाला मशीन लावून श्वास बघत बसले, मग उरलेला अर्धा. वॉर्डबॉयला उभं करून ठेवलं. तो कुरकुरला, कुरकुरू दिला. माणसाचा चेहरा दुखण्यातून मोकळा होताना मी हजारदा पाहिला असेल, पण नेहमी दुसरं काहीतरी करता करता. आज नुसता तोच पाहिला. आधी भुवया सैल झाल्या, मग मुठी उघडल्या. हाताच्या तळव्यावर नखांच्या चार चंद्रकोरी उमटल्या होत्या.

"आता किती?" अर्ध्या तासानं विचारलं.

त्यांनी खरंच विचार केला. "तीन. खरं तीन."

रूळ ओलांडताना मी स्ट्रेचर एका बाजूनं उचलून धरलं. त्या फक्त "हं" म्हणाल्या. एक्स-रेत हाड मोडलेलं होतंच. हाडांचे डॉक्टर उद्या बघणार, ऑपरेशन लागणार, हे सगळं मी जगदेवला समजावून सांगायला व्हरांड्यात गेले तर तो फोनवर होता. मला पाहून त्यानं फोन सरळ माझ्या हातात दिला. "गंगी हाय. माह्यं आयकतच नाही, सिस्टरशी बोलाचं मनते."

मी फोन कानाला लावला. पलीकडे कुठलीशी मशीन चालू होती. मशीनच्या आवाजावर गंगूचा आवाज चढत नव्हता, मला दुसरा कान बोटानं बंद करावा लागला.

"माय कशी हाय?"

"बरी आहे. हाड मोडलंय. दुखणं आता कमी आहे."

"थे सांगत नाही कोनाले. दुखलं तरी सांगत नाही. तुमी तिच्या बोलन्यावर जाऊ नोका."

"सांगितलं त्यांनी. चांगल्या ओरडल्या."

"माय ओरडली?"

"हो."

"मंग... कोनी रागावलं नाही तिले?"

"नाही."

"लय चांगल्या हा तुमी, सिस्टर," ती म्हणाली. "काय नाव तुमचं?"

तिथे थांबता आलं असतं. जगदेव दोन पावलांवर उभा होता, आतून कुणीतरी मला हाका मारत होतं, फोन परत द्यायला शंभर कारणं होती. वर लय चांगल्या हा तुमी असं कुणी मला फार दिवसांत म्हटलं नव्हतं, ते तसंच ठेवून घ्यावं असं मनापासून वाटलं. मी म्हणाले, "धम्मदीपा. गंगू, तुह्या बायतपनाले मीच होती. तुले थे बोलली, थे मीच."

मशीन थांबली. कुणीतरी बंद केली असेल किंवा ती बाहेर आली असेल. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी फोन कानाशी दाबून धरला आणि वाट पाहिली. तिनं ओरडावं, शिवी द्यावी, तुह्यं वाटोयं होवो म्हणावं, चौदा वर्षांचं सगळं माझ्या कानात ओतावं. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की मी मनातल्या मनात तिला म्हणत होते, ओरड ना वं, ओरड.

"बरं," ती म्हणाली. हळू, अगदी हळू, तिच्या शेजारी उभ्या असलेल्यालाही ऐकू जाणार नाही इतकं. "बरं, सिस्टर."